तार, पोलाद आणि शब्द : हवाइयन स्टील गिटारच्या अध्ययनपरंपरेचा इतिहास

१. प्रश्नाची मांडणी

वाद्याचा इतिहास लिहिताना अभ्यासकाचे लक्ष सहसा दोन प्रश्नांकडे जाते : ते वाद्य प्रथम कोणी सिद्ध केले आणि ते कोणी कीर्तीस नेले. शोधक आणि थोर वादक या दोन टोकांच्या मध्ये असंख्य शिकणारे उभे असतात. ते काय शिकले, कोणाकडून शिकले, कोणत्या साधनांनी शिकले आणि शिकताना त्यांच्यापर्यंत काय पोहोचलेच नाही, याची नोंद क्वचितच ठेवली जाते. वस्तुतः परंपरा एका समाजातून दुसऱ्या समाजात जाते ती या अज्ञात शिकणाऱ्यांच्या हातांतून. तौलनिक साहित्याच्या अभ्यासात प्रभावाच्या संकल्पनेकडून ग्रहणाच्या संकल्पनेकडे झालेला प्रवास आपणांस परिचित आहे. मूळ लेखक आणि मूळ संहिता यांच्याइतकेच महत्त्व ग्रहण करणाऱ्या भाषेला, तिच्या गरजांना आणि तिने केलेल्या निवडीला दिले पाहिजे, हा विचार आता रुळला आहे. प्रस्तुत निबंधात हाच विचार एका वाद्याच्या बाबतीत लावून पाहावयाचा आहे.

हे वाद्य म्हणजे हवाइयन स्टील गिटार. ते मांडीवर आडवे ठेवतात. उजव्या हाताच्या बोटांत नख्या घालून तारा छेडतात आणि डाव्या हाताने तार पडद्यावर दाबण्याऐवजी एक गुळगुळीत पोलादी कांडी तारांवरून सरकवतात. या कांडीला वादक ‘बार’ किंवा नुसते ‘स्टील’ म्हणतात. एका बेटसमूहावर, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत ही पद्धत रूढ झाली आणि पुढील पन्नास वर्षांत ती अमेरिका, युरोप आणि आशिया या तिन्ही खंडांतील घरांत पोहोचली. मात्र ज्या गीतांसाठी ती निर्माण झाली, त्या गीतांची भाषा तिच्याबरोबर गेली नाही. हात शिकवला गेला, शब्द मागे राहिले. या वियोगाचे स्वरूप प्रत्येक ठिकाणी वेगळे आहे, आणि हा फरक अध्ययनाच्या पद्धतींतून स्पष्ट होतो, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

२. बेटावरील अध्ययन : डोळे, कान आणि गीत

गिटार हे हवाईत बाहेरून आलेले वाद्य. एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात तिसरा कामेहामेहा याच्या राजवटीत गुरे राखण्यासाठी मेक्सिकोकडील गुराखी बोलावण्यात आले. त्यांच्याबरोबर गिटार बेटांवर आली, असे सामान्यतः मानले जाते. पुढे १८७९ साली ‘रेव्हन्सक्रॅग’ या जहाजातून आलेल्या पोर्तुगीज स्थलांतरितांनी आणलेल्या लहान तंतुवाद्यापासून उकुलेले घडले. हवाइयन लोकांनी गिटार स्वीकारली ती आपल्या अटींवर. तारा सैल करून त्या एखाद्या सुरेल संघातात लावण्याची ‘की होआलु’ ही त्यांची पद्धत, आणि तिच्या घराघरांत जपलेल्या, परक्यास सहसा न सांगितल्या जाणाऱ्या जुळण्या, हे या स्वीकाराचे पहिले रूप होय. मोकळ्या तारा छेडल्या असता आपोआप स्वरसंघात निघावा ही व्यवस्था आधीच तयार असल्यामुळे पुढे पोलादी कांडी आडवी ठेवताच संपूर्ण संघात वरखाली सरकविणे शक्य झाले. स्टील गिटारचा शोध या अर्थाने एका जुन्या सवयीवर उभा आहे.

शोधाचे श्रेय सर्वसाधारणपणे जोसेफ केकुकु (१८७४–१९३२) यांना दिले जाते. ओआहू बेटावरील लाइए या गावचे केकुकु होनोलुलूतील कामेहामेहा मुलांच्या शाळेत शिकत होते. कंगवा, चाकूची पाठ अशा वस्तू तारेवर सरकवून पाहत पाहत ते शाळेच्या कार्यशाळेत घडविलेल्या पोलादी कांडीपर्यंत पोहोचले, अशी हकीकत आहे. रुळांजवळ सापडलेल्या बोल्टची कथाही सांगितली जाते. कथांचे तपशील भिन्न असले तरी शाळेचे महत्त्व निर्विवाद आहे. राजकन्या बर्नीस पौआही बिशप यांच्या मृत्युपत्रातील देणगीतून १८८७ साली सुरू झालेल्या या निवासी शाळेत निरनिराळ्या बेटांवरची हवाइयन मुले एकत्र राहत. एका मुलाने काढलेली युक्ती शेजारच्याने पाहिली, सुटीत ती आपल्या बेटावर नेली, आणि काही वर्षांतच पद्धत सर्वत्र पसरली. ना पाठ्यपुस्तक, ना स्वरलेखन. पाहावे, ऐकावे, तोंड मिटून हात चालवावा, ही हवाइयन अध्ययनाची जुनी रीत येथेही चालली.

या अध्ययनात गीत आधी आणि वाद्य नंतर येते, हे ध्यानात घेतले पाहिजे. हवाइयन परंपरेत ‘मेले’ ही संज्ञा काव्य आणि गीत या दोहोंना व्यापते. मेलेमध्ये ‘कओना’ नावाचा गूढार्थाचा एक थर असतो. पाऊस, फूल, वारा, एखाद्या स्थळाचे नाव यांच्या आडून व्यक्ती, प्रेम किंवा राजकीय आशय सूचित होतो. आपल्याकडील ध्वनिसिद्धान्ताची येथे आठवण होणे स्वाभाविक आहे. मात्र कओना जाणण्यासाठी रसिकतेबरोबर त्या स्थळाची आणि कुळाची माहितीही लागते, हा भेद लक्षणीय आहे. स्टील गिटार या गायनाची अनुकृती करते. पुरुषांच्या उंच, कृत्रिम स्वरातील गायनात छातीच्या आवाजातून वरच्या आवाजात जाताना जो तुटका हेलकावा मुद्दाम राखला जातो, तो कांडीच्या झटक्याने उमटविता येतो. कडव्याच्या शेवटी येणारा छोटा वाद्यखंड गायकाच्या श्वासाची जागा भरतो. वाद्य शिकणारा मुलगा गीत जाणत असे. कांडी कोठे थबकावी हे त्याला शब्दच सांगत.

नेमक्या याच वर्षांत शब्दांवर आघात झाला. जानेवारी १८९३ मध्ये राणी लिलिउओकलानी यांना पदच्युत करण्यात आले. १८९६ साली नव्या प्रजासत्ताकाने शाळांत इंग्रजी हेच शिक्षणाचे माध्यम ठरविले. १८९८ साली बेटे अमेरिकेत विलीन करण्यात आली. राणी स्वतः श्रेष्ठ गीतकार होत्या, आणि ‘अलोहा ओए’ हे त्यांचे गीत पुढे जगभर पोहोचले. ज्या पिढीने स्टील गिटार जगाला दिली, त्याच पिढीच्या मुलांना शाळेत आपली भाषा बोलण्याची मुभा नव्हती. वाद्याच्या प्रसाराचा आणि भाषेच्या संकोचाचा आलेख एकाच काळात विरुद्ध दिशांनी जातो.

भाषेने मात्र वाद्याला आपल्या ध्वनिव्यवस्थेत सामावून घेतले होते. हवाइयन भाषेत ‘ग’ आणि ‘र’ हे वर्ण नाहीत, तसेच ‘ट’च्या जागी बहुधा ‘क’ येतो. त्यामुळे गिटारचे झाले ‘कीका’ आणि स्टीलचे झाले ‘किला’. ‘कीका किला’ या जोडशब्दातील दोन्ही पदे परकी आहेत आणि शब्द मात्र संपूर्णपणे हवाइयन आहे. वाद्याचीही तीच स्थिती आहे.

३. मुळाचा वाद आणि त्याची मर्यादा

भारतीय वाचकाला येथे एक प्रश्न पडेल. तारेवर घन वस्तू सरकवून वाजविण्याची रीत आपल्याकडे प्राचीन आहे. मग हवाई हेच मूळ कसे? या शंकेला एक नावही जोडले जाते. गेब्रिएल डेव्हियन हा भारतात जन्मलेला, एका जहाजाच्या कप्तानाने पळवून होनोलुलूस आणलेला तरुण केकुकुंच्याही आधी अशा प्रकारे गिटार वाजवीत असे, अशी आठवण हवाइयन संगीतकार चार्ल्स किंग यांनी पुढे सांगितली. जेम्स होआ हे आणखी एक नाव घेतले जाते. संगीतवंशशास्त्राचे अभ्यासक मँटल हूड यांनी १९८३ साली हवाइयन स्टील गिटारच्या अलंकरणांनाच इतिहासाचे साधन मानून या प्रश्नाचा विचार केला. जॉन ट्राउटमन यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हवाइयन वादकांच्या कर्तृत्वाला केंद्रस्थान दिले आहे.

भारतीय बाजूचा पुरावा जुना आणि भक्कम आहे. देवगिरीच्या यादव राजा सिंघण याच्या आश्रयाने तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने रचलेल्या ‘संगीतरत्नाकर’ या ग्रंथात एकतंत्री वीणेचे वर्णन आहे, आणि तिच्या वादनात डाव्या हातात धरावयाच्या ‘कम्रिका’ या बांबूच्या साधनाचा उल्लेख येतो. महाराष्ट्राच्या भूमीवर लिहिल्या गेलेल्या या ग्रंथात सरकत्या कांडीचे तंत्र शास्त्ररूपाने नोंदलेले आहे. दक्षिणेत तंजावरच्या मराठी राजवटीने घडविलेल्या सांस्कृतिक परिसरात गोट्टुवाद्यम् विकसित झाले. तिरुविडैमरुदूरचे सखाराम राव हे त्याचे नामवंत वादक, आणि त्यांच्याकडे गायक सेम्मंगुडी श्रीनिवास अय्यर यांनी शिक्षण घेतले. उत्तरेत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अब्दुल अझीझ खाँ यांनी विचित्र वीणेला मैफलीत स्थान मिळवून दिले.

तथापि साम्य म्हणजे संक्रमण नव्हे, हे तौलनिक अभ्यासाचे प्राथमिक तत्त्व आहे. देवगिरीच्या ग्रंथातील कम्रिका आणि लाइएच्या मुलाच्या हातातील पोलाद यांना जोडणारी अध्ययनाची साखळी दाखविता येत नाही. डेव्हियन कोणाकडे शिकला, त्याच्याकडून कोण शिकले, याला उत्तर नाही. उलट केकुकुंपासून त्यांचे सहाध्यायी, त्यांच्यापासून व्यावसायिक वादक, त्यांच्यापासून अमेरिकन आणि आशियाई शिष्य, अशी साखळी मात्र दाखविता येते. मुळाचा वाद ज्या समाजाकडे आधीच राज्य, भूमी आणि भाषा उरली नव्हती, त्याच्याकडून आणखी एक गोष्ट काढून घेतो. आपल्या प्राचीनत्वाचा अभिमान बाळगताना भारतीय अभ्यासकाने याचे भान ठेवणे आवश्यक आहे.

४. छापील पाठ आणि सहा रेषा

अमेरिकेच्या मुख्य भूमीवर हवाइयन संगीताची लाट आली ती रंगभूमी आणि प्रदर्शनांमार्फत. १९१२ साली ब्रॉडवेवर आलेल्या ‘द बर्ड ऑफ पॅराडाइज’ या नाटकात हवाइयन वादकांचा ताफा होता. १९१५ साली सॅन फ्रान्सिस्को येथे भरलेल्या पनामा-पॅसिफिक आंतरराष्ट्रीय प्रदर्शनातील हवाईच्या दालनात लक्षावधी लोकांनी हे संगीत ऐकले, आणि पुढील वर्षी हवाइयन ध्वनिमुद्रिकांचा खप आघाडीवर होता. स्वतः केकुकु १९०४ साली बेट सोडून गेले ते परतलेच नाहीत. अमेरिका आणि युरोपात त्यांनी वादन केले, पुढे शिकवण्या घेतल्या, आणि १९३२ साली न्यू जर्सीत त्यांचे निधन झाले.

ऐकणाऱ्यांतून शिकणारे निर्माण झाले. हवाइयन शिक्षक थोडे, शहरांतून विखुरलेले, आणि शिकू इच्छिणारे लहान गावांतील कामगारांची, शेतकऱ्यांची मुले. ही दरी छापील पाठाने भरून काढली. क्लीव्हलँड येथील ओआहू पब्लिशिंग कंपनी ही या व्यवसायातील प्रमुख संस्था. तिच्याशी निगडित शिक्षणवर्गांचे नाव होते ‘होनोलुलू कॉन्झर्व्हेटरी ऑफ म्युझिक’, आणि हे वर्ग भरत असत ओहायो, मिशिगनसारख्या राज्यांत. दर आठवड्याला एक सुटे पत्रक, त्यावर एक धून, वाद्यही हप्त्याने मिळण्याची सोय, वर्षाअखेर सर्व विद्यार्थ्यांचे एकत्र वादन, अशी ही व्यवस्था होती.

पाठ लिहिण्याची लिपी म्हणजे टॅब्लेचर. सहा तारांसाठी सहा रेषा आखावयाच्या आणि ज्या रेषेवर जो अंक लिहिला असेल त्या तारेवर त्या क्रमांकाच्या पडद्यापाशी कांडी ठेवावयाची. स्वराचे नाव ठाऊक नसले तरी चालते. जुळणी ठरलेली असते. अनेक पाठमालांत ती खालून वर ई, ए, ई, ए, सी-शार्प, ई अशी, म्हणजे ए या स्वरावर आधारलेला प्रसन्न संघात देणारी असे. गिटारचे रूपांतरही सोपे होते. तारांच्या डोक्याकडील आधारावर एक उंच धातूची पट्टी बसविली की तारा पडद्यांपासून इतक्या उचलल्या जातात की साधी स्पॅनिश गिटार हवाइयन होते.

ही लिपी काय सांगते आणि काय सांगत नाही, हे पाहणे उद्बोधक आहे. ती स्थान सांगते, पण मार्ग सांगत नाही. पाचव्या पडद्यावरून सातव्यावर जावयाचे हे कळते. संथपणे जावयाचे की क्षणात, तारेवर दाब किती ठेवावयाचा, पोहोचल्यावर कंप किती रुंद घ्यावयाचा, हे कळत नाही. कांडी पडद्याच्या तारेच्या बरोबर माथ्यावर आली तरच स्वर शुद्ध लागतो, किंचित मागे-पुढे झाल्यास बेसूर होतो, ही अट पत्रकावर लिहिता येते. पण तो शुद्धपणा शेवटी कानानेच मिळवावा लागतो. कांडीच्या मागची बोटे तारांवर हलकेच टेकवून नको असलेला गुंजारव दाबणे, कांडी तिरपी धरून दोन तारांवर भिन्न अंतराचे स्वर साधणे, तळहाताच्या कडेने तार स्पर्शून घंटेसारखा वरचा स्वर काढणे, या गोष्टी शिक्षकाने हात धरून दाखविल्याखेरीज क्वचितच येतात.

याहून मोठी उणीव शब्दांची होती. ‘अलोहा ओए’ची धून मुलाला वाजविता येई, पण ते निरोपाचे गीत एका पदच्युत राणीचे आहे हे पत्रक सांगत नसे. पत्रकावर शब्द असलेच तर ते बहुधा इंग्रजी असत. ताडाची झाडे, चांदणे आणि नाचणाऱ्या तरुणी यांची वर्णने करणारी, मुख्य भूमीवरच्या गीतकारांनी रचलेली ‘हापा हाओले’ म्हणजे अर्धी परकी गीते पाठ्यक्रमात प्रमुख झाली. कओना संपला आणि त्याच्या जागी चित्रपोस्टकार्डावरचे हवाई आले.

या व्यवस्थेचा केवळ धिक्कार करणे मात्र इतिहासाला धरून होणार नाही. ज्या घरांत पियानो येणे शक्य नव्हते तेथे तिने वाद्य नेले. मुलींना आणि अल्पशिक्षितांना तिने संगीताचे दार उघडून दिले. आपल्याकडे पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी मराठीत रचलेल्या क्रमिक पुस्तकांनी आणि पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ साली लाहोरला स्थापिलेल्या गांधर्व महाविद्यालयाने घराण्यांच्या भिंतींआडची विद्या मध्यमवर्गापर्यंत आणली, त्याच कालखंडातील ही घटना आहे. दोहोंत परस्पर प्रभावाचा संबंध नाही. मुद्रण आणि नागर मध्यमवर्ग यांनी दोन्हीकडे सारखाच प्रश्न उभा केला, एवढाच तुलनेचा आधार आहे. एक भेद मात्र निर्णायक आहे. भातखंडे यांच्या स्वरलिपीत स्वरांखाली चिजेचे बोल येतात, आणि ते गाणाऱ्यांच्या परंपरेतलेच असतात. ओआहूच्या पत्रकाला अशी बांधिलकी नव्हती.

५. कलकत्ता : दुसऱ्या कंठाचा शोध

भारतात हे वाद्य आले ते बंदरांच्या आणि हॉटेलांच्या वाटेने. फिरत्या हवाइयन ताफ्यांनी आशियातील मोठ्या शहरांत कार्यक्रम केले. त्यांपैकी भारताच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे नाव टाउ मो (१९०८–२००४) यांचे. सामोआत जन्मलेले आणि केकुकुंच्याच लाइए गावी वाढलेले टाउ मो १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धात एका ताफ्याबरोबर बेटाबाहेर पडले आणि पत्नी रोझ यांच्यासह अनेक दशके देशोदेशी फिरत राहिले. दुसऱ्या महायुद्धाचा काळ या कुटुंबाने भारतात काढला. कलकत्त्याच्या ग्रँड हॉटेलातील त्यांचे वादन आणि त्यांनी दिलेले शिक्षण यांचा तेथील तरुणांवर परिणाम झाला. गार्नी निस हे त्यांच्याकडे शिकलेल्यांपैकी एक. त्यांच्या ‘अलोहा बॉइज’ या चमूने कलकत्त्यात हवाइयन संगीत ध्वनिमुद्रित केले. लाइए ते कलकत्ता अशी ही साखळी प्रत्यक्ष गुरुशिष्यसंबंधाची आहे. देवगिरीच्या कम्रिकेबाबत जे दाखविता आले नाही ते येथे दाखविता येते.

निस यांची पिढी हवाइयन धुना वाजवीत होती. बंगाली मध्यमवर्गीय घरात गिटार शिरली तेव्हा मात्र धून बदलली. सुजित नाथ हे बंगालमधील गिटारवादनाच्या आरंभकर्त्यांपैकी एक मानले जातात. पुढे काझी नझरुल इस्लाम यांचे पुत्र काझी अनिरुद्ध, बटुक नंदी, सुनील गांगुली यांनी रवींद्रसंगीत, नझरुलगीते आणि चित्रपटगीते गिटारवर वाजविली. त्यांच्या ध्वनिमुद्रिकांना मोठा श्रोतृवर्ग मिळाला. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत व्हॅन शिप्ले आणि हजारा सिंग यांनी हाच नाद घराघरांत पोहोचविला. ‘हवाइयन गिटार’ हे नाव टिकले, पण हवाईचे गाणे शिकण्याची गरज उरली नाही.

वरवर पाहता अमेरिकेत घडले तेच येथे घडले. पण अध्ययनाची पद्धत पाहिल्यास फरक दिसतो. बंगाली शिकणाऱ्यासमोर टॅब्लेचरचे पत्रक नव्हते. विश्वभारतीने प्रसिद्ध केलेल्या ‘स्वरबितान’ मालेतील आकारमात्रिक स्वरलिपी होती. या स्वरलिपीत स्वरांखाली गीताची अक्षरे मांडलेली असतात. शिकणाऱ्याला ते गाणे आधीपासून पाठ असे, आणि बहुधा ते त्याच्या घरात कोणीतरी गात असे. अक्षर जेथे उच्चारले जाते तेथे नखीचा आघात करावयाचा आणि अक्षरातील स्वर जेथे लांबतो तेथे नवा आघात न करता कांडी सरकवावयाची, ही शिस्त शब्द ठाऊक असल्याखेरीज पाळता येत नाही. शब्दांवाचून वाजविले तरी शब्द ऐकू आले पाहिजेत, ही श्रोत्याची अपेक्षा असते.

म्हणजे लाइएच्या मुलाला जे न सांगता मिळाले होते, कंठ आणि कांडी यांचे नाते, ते कलकत्त्यात वेगळ्या कंठाच्या आधाराने पुन्हा जुळले. मूळ संहिता गेली, पण संहिता आणि नाद यांना जोडणारे तत्त्व राहिले. भाषांतराच्या अभ्यासात शब्दाच्या आणि कार्याच्या समतुल्यतेत जो भेद केला जातो, त्याच्याशी हे उदाहरण जुळते. क्लीव्हलँडच्या पाठात धून राहिली आणि कार्य हरवले. कलकत्त्याच्या पाठात धून बदलली आणि कार्य टिकले.

६. रागाच्या व्याकरणात

पुढचा टप्पा रागसंगीताचा. परदेशी वाद्याविषयी भारतीय संगीतविचारात त्या काळी तीव्र वाद होता. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमला मज्जाव केला. तिचे स्वर ठरलेले, तिच्यावर मींड निघत नाही, हा मुख्य आक्षेप होता. महाराष्ट्रात गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या कलावंतांनी या वाद्याला प्रतिष्ठा मिळवून दिली असल्याने हा वाद मराठी वाचकास परिचित आहे. हवाइयन गिटार तितकीच परदेशी होती, पण मींडेचा आक्षेप तिला लागू पडत नव्हता. सतारीवर तार बाजूला ओढून मींड घेतात आणि तिला काही स्वरांची मर्यादा पडते. गिटारवर कांडी तारेच्या लांबीवर हवी तितकी सरकते. जे तंत्र हवाइयन गायकाच्या हेलकाव्यासाठी जन्मले ते मींडेसाठी सिद्धच होते.

जोधपूरचे पं. ब्रिजभूषण काब्रा (१९३७–२०१८) यांनी हे ओळखले. घरात सतारीची परंपरा, थोरले बंधू सरोदवादक. या वाद्यावर केवळ रागसंगीतच वाजवीन, असे वचन त्यांनी वडिलांना दिले होते, असे सांगितले जाते. उस्ताद अली अकबर खाँ यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. हे गुरू सरोदवादक होते. गिटारच्या तंत्राविषयी त्यांच्याकडून मिळण्यासारखे थोडे आणि रागाविषयी अपार. त्यामुळे हाताचे प्रश्न शिष्याला स्वतः सोडवावे लागले. हवाइयन वादनात कांडी तिरपी धरून साधावयाचे दुहेरी स्वर येथे अनावश्यक ठरले. एका मुख्य तारेवरची सलग सुरावट महत्त्वाची झाली, जलद तानेसाठी उजव्या हाताचे आघात नव्याने बसवावे लागले, झाल्यासाठी चिकारीची जोड लागली. पं. शिवकुमार शर्मा आणि पं. हरिप्रसाद चौरसिया यांच्यासह १९६७ साली केलेल्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेने हा प्रयोग सर्वदूर पोहोचविला.

काब्रा यांचे शिष्य पं. देबाशिष भट्टाचार्य यांनी पुढे ‘चतुरंगी’ हे वाद्य घडविले. जयपूरचे पं. विश्वमोहन भट्ट यांनी गिटारला चिकारी आणि तरफांची जोड देऊन तिला ‘मोहन वीणा’ म्हटले. राय कूडर यांच्यासह केलेल्या त्यांच्या ध्वनिमुद्रणाला १९९४ साली ग्रॅमी पुरस्कार मिळाला. नावातील हा बदल बोलका आहे. ‘हवाइयन गिटार’ या नावात निदान एका लोकसमूहाची आठवण होती. ‘वीणा’ हे नाव वाद्याला शार्ङ्गदेवाच्या परंपरेत नेऊन बसविते आणि मधला प्रशांत महासागर पुसला जातो. वादकाला नामकरणाचा अधिकार आहेच. इतिहासकाराने मात्र पुसलेली ओळ पुन्हा लिहिली पाहिजे.

७. बेटाकडे परत

या इतिहासाचा सर्वांत विलक्षण भाग त्याच्या जन्मभूमीत घडला. ‘हवाई कॉल्स’ या १९३५ ते १९७५ या काळात वायकीकीतून प्रसारित होणाऱ्या नभोवाणी कार्यक्रमामुळे स्टील गिटारचा नाद पर्यटनाशी घट्ट जोडला गेला. आपल्याच संगीताचे विक्रीचे रूप म्हणून तरुण हवाइयन पिढीला तो परका वाटू लागला. १९७०च्या दशकात हवाइयन प्रबोधनाची चळवळ उभी राहिली तेव्हा स्टील गिटार शिकणारे तरुण हवाईत अगदी थोडे उरले होते.

१९७२ साली जेरी बर्ड (१९२०–२००५) हे वादक हवाईत येऊन स्थायिक झाले. बर्ड हे ओहायोतील लिमा या गावचे. लहानपणी गावात आलेल्या हवाइयन वादकांच्या तंबूतील खेळाने ते या वाद्याकडे ओढले गेले आणि पुढे मुख्य भूमीवरच्या कंट्री संगीतात प्रसिद्धीस आले. आता त्यांनी होनोलुलूत हवाइयन मुलांना शिकविण्यास सुरुवात केली. अॅलन अकाका हे त्यांच्या प्रमुख शिष्यांपैकी एक. अकाका यांनी पुढे स्वतः अनेक हवाइयन विद्यार्थी तयार केले. ज्या ओहायोत पत्रकांनी शब्दांवाचून धून शिकविली, त्याच ओहायोचा एक शिष्य हाताचे तंत्र सांभाळून जन्मभूमीला परत देण्यास आला. छापील पाठांच्या युगाकडे केवळ अपहरण म्हणून पाहणाऱ्यास या घटनेचा उलगडा करता येणार नाही.

शब्द परत आले ते वेगळ्या वाटेने. १९७८ साली हवाइयन भाषेला राज्यघटनेने अधिकृत भाषेचा दर्जा दिला. १९८४ साली ‘पूनाना लेओ’ म्हणजे ‘वाणीचे घरटे’ या नावाने हवाइयन माध्यमाच्या बालवाड्या सुरू झाल्या. १९८६ साली शाळांतील हवाइयन माध्यमावरचा जुना कायदेशीर अडसर दूर झाला. हात परतला तो गुरूच्या घरातून, भाषा परतली ती बालवाडीतून. दोन्ही एकाच शिकणाऱ्यात भेटल्या तरच कीका किला पुन्हा पूर्ण अर्थाने शिकले जाते. टाउ मो कुटुंबानेही आयुष्याच्या उत्तरार्धात लाइएस परतून आपली जुनी गीते १९८९ साली बॉब ब्रॉझमन यांच्याबरोबर ध्वनिमुद्रित केली. याच ब्रॉझमन यांनी २००३ साली देबाशिष भट्टाचार्य यांच्यासह ‘महिमा’ हे ध्वनिमुद्रण केले. साखळीच्या दोन दूरच्या कड्या एका वादकाच्या कार्यात जवळ आल्या.

८. निष्कर्ष

वरील विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, कला एका संस्कृतीतून दुसरीत जाताना तिचे घटक एकत्र प्रवास करीत नाहीत. तंत्र हलके असते, ते लवकर जाते. भाषा जड असते, ती मागे राहते. दुसरी, घटक कसे विलग होतात हे अध्ययनाच्या साधनांवर अवलंबून असते. सहाध्यायीचा हात, सहा रेषांचे पत्रक, अक्षरांसह स्वर देणारी स्वरलिपी आणि गुरूचा कंठ, या चार साधनांनी एकाच वाद्याच्या चार भिन्न परंपरा घडविल्या. तिसरी, मूळ कोणाचे या प्रश्नापेक्षा शिकताना काय दिले गेले आणि काय रोखून धरले गेले हा प्रश्न अधिक फलदायी आहे, कारण त्यातून सत्तेचे संबंध उघड होतात. ज्यांची भाषा शाळेतून हद्दपार झाली त्यांच्याच संगीताचे पाठ घरोघरी विकले गेले, ही वस्तुस्थिती शोधकाच्या चरित्रातून कळत नाही.

साहित्याच्या तौलनिक अभ्यासालाही याचा उपयोग व्हावा. भक्तिपदे, लावणी, ओवी, गझल हे सर्व प्रकार गात गात शिकले गेले आणि पुढे छापील संहितेतून शिकविले जाऊ लागले. या स्थित्यंतरात त्यांच्यातून काय गळाले, याचा शोध संहितांच्या तुलनेतून पूर्ण होणार नाही. त्यासाठी ती ज्यांनी शिकविली आणि ज्यांनी शिकली त्यांच्या वह्या, पाठांतराच्या रीती आणि वर्गातील शिस्त यांचा इतिहास लिहावा लागेल. मराठीत अशा नोंदी भजनी मंडळांच्या बाडांत, तमाशाच्या फडांत आणि संगीतवर्गांच्या वह्यांत विखुरलेल्या आहेत. त्यांचे संकलन वेळीच झाले पाहिजे. हात शिकलेली पिढी असतानाच शब्दांची विचारणा केली तर ती पोहोचते. त्यानंतर, हवाईप्रमाणे, दोन्ही वेगवेगळ्या वाटांनी शोधून आणावे लागतात.